अंगठीचं माप घरच्या घरी: दोरा नको, कागदाची पट्टी घ्या

कुळागर

तुळशीचं लग्न झालं की आपल्याकडे लग्नसराई सुरू होते आणि त्याआधीच शेटाकडे (सोनाराकडे) अंगठ्यांच्या ऑर्डरी जाऊ लागतात. मुलगा मस्कतला, मुलगी माशेलला आणि अंगठी घडतेय मडगावला, अशी स्थिती असली की माप फोनवरून कळवावं लागतं. मग कुणीतरी बोटाला दोरा गुंडाळून त्याचा फोटो पाठवतं आणि अंगठी दोन नंबरांनी चुकते. हे टाळता येतं, त्यासाठी हा चर्चेचा धागा. ज्यांना या कामातलं कळतं त्यांनी भर घालावी.

आधी नंबर म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे सध्या बहुतेक दुकानं जो नंबर वापरतात, तो म्हणजे अंगठीचा आतला घेर मिलिमीटरमध्ये मोजून त्यातून ४० वजा केले की येणारा आकडा. आतला घेर ५२ मिमी असेल तर नंबर १२, ५४ असेल तर १४, ६० असेल तर २०. म्हणजे एक नंबर म्हणजे घेरात १ मिमी. व्यासात तोच फरक फक्त ०.३२ मिमी भरतो.

पुढचं सगळं या आकड्यावर उभं आहे. साधी मोजपट्टी अर्ध्या मिमीपर्यंत वाचता येते. व्यास मोजताना अर्धा मिमी चुकला तर घेरात दीड मिमी चुकतो, म्हणजे दीड नंबर गेला. घेर मोजताना तेवढाच अर्धा मिमी चुकला तर चूक अर्ध्या नंबराची. म्हणून व्हर्निअर कॅलिपर (बारीक मापं घ्यायचं जबड्यांचं साधन) हाताशी नसेल तर व्यासाच्या वाटेला जाऊ नका, घेरच मोजा.

बोटाचा घेर असा घ्या. साध्या झेरॉक्सच्या कागदाची (७०-८० जीएसएम) साधारण १० सेंमी लांब पट्टी कापा. पट्टीची रुंदी घडवायच्या अंगठीएवढी ठेवा. नाजूक अंगठी असेल तर ३ ते ४ मिमी. पट्टीची कड सरळ हवी, म्हणून स्टीलची मोजपट्टी धरून ब्लेडने कापा, कात्रीने नको. बोटाच्या मुळाशी, जिथे अंगठी बसणार तिथे पट्टी गुंडाळा. दोन्ही टोकं एकावर एक येऊ द्या, कडा जुळल्या पाहिजेत. त्या तिरक्या गेल्या तर माप वाढतं. टोकदार पेन्सिलीने वरच्या टोकाच्या कडेला लागून खालच्या थरावर खूण करा. मग पट्टी उलगडून ते टोक आणि ती खूण यांतलं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजा. शून्यापासून मोजू नका, स्टीलच्या पट्टीचं टोक झिजलेलं असतं. १० मिमीच्या रेघेपासून सुरू करा आणि शेवटी १० वजा करा.

कागद किती घट्ट ओढायचा? बोटावर तो मागेपुढे सरकला पाहिजे, पण गोल गोल फिरताना सैल वाटता कामा नये. कडेला मांस फुगून वर आलं तर जास्त ओढलात.

दर्यादेग

दोऱ्याने नेमकं बिघडतं काय, तेही सांगून टाका. घरोघरी दोराच वापरतात.

कुळागर

दोऱ्याने दोन चुका होतात आणि दोन्ही उलट दिशांना ओढतात. सुती दोरा ओढला की ताणतो आणि बारीक असल्यामुळे मांसात रुततो, त्यामुळे माप कमी येतं. दुसरीकडे दोऱ्याला स्वतःची जाडी असते. अर्धा मिमी जाडीचा दोरा बोटाभोवती गुंडाळून सरळ केला की त्याची लांबी बोटाच्या घेरापेक्षा साधारण दीड मिमी जास्त भरते. कोणती चूक किती झाली ते सांगता येत नाही, म्हणून एकाच बोटाची दोऱ्याने तीन मापं घेतली तर तीन वेगळी निघतात. कागदाची जाडी ०.१ मिमी. तिने होणारी चूक ०.३ मिमी, म्हणजे नंबराच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. ती सोडून दिली तरी चालते.

शिंप्याचा टेप, लोकर, सुतळी, चार्जरची वायर, सगळ्यांना हेच लागू. टेप तर जाड आणि रुंद, वर जुना झाला की ताणलेला.

सोनसळी

चांगलं लिहिलंत. पण बोटाच्या मुळाचंच माप घेऊन थांबलं तर अंगठी पेरावर अडकते. मधल्या सांध्याचं माप वेगळं घ्यायलाच हवं. ज्यांची बोटं सरळ आणि मांसल असतात त्यांना फरक पडत नाही. ज्यांचे सांधे मोठे आहेत, विशेषतः वयस्क बायकांचे, वर्षानुवर्षं घासणं-धुणं केलेल्या हातांचे, त्यांच्या सांध्यात आणि मुळात ४-५ मिमीचाही फरक निघतो.

मी हिशोब असा धरते. सांधा आणि मूळ यांत २ मिमीपर्यंत फरक असेल तर सांध्याचं माप द्या. त्याहून जास्त असेल तर सांध्यापेक्षा १ मिमी कमी द्या, कारण सांध्यावरची कातडी सरकते आणि अंगठी जरा फिरवत घातली की निघून जाते. मग मुळाशी ती सैल राहणार. त्यासाठी शेटाला सांगून अंगठीच्या आतल्या बाजूला, बुडाशी, सोन्याचे दोन बारीक मणी बसवून घ्या. मण्यांमुळे अंगठी बोटावर गरगर फिरत नाही आणि खडा वरच राहतो. आतून सोन्याची पातळ स्प्रिंगपट्टीही बसवतात, ती सांध्यावरून जाताना दबते.

सैल अंगठीला खालून दोरा गुंडाळायची जुनी रीत आहे, तीही सोडा. दोरा साबण, पाणी, माशाचं पाणी सगळं धरून ठेवतो. आपल्या दमट हवेत तो दिवसभर वाळत नाही आणि खालची कातडी पांढरी पडून खाजायला लागते.

पोफळीखाली

एक शंका. कागदाची पट्टी चिकटवून तिचीच अंगठी केली आणि सांध्यावरून घालून पाहिली तर चालेल ना?

सोनसळी

नाही. कागद दबून लंबगोल होतो आणि सांध्यावरून सहज जातो. सोन्याची अंगठी दबत नाही. कागद गेला म्हणून अंगठी जाईल असं धरू नका.

खरी चाचणी घ्यायची तर तांब्याची एकसंध तार घ्या, दीड ते दोन मिमी जाडीची. इलेक्ट्रिशियनकडे तुकडा मिळतो. मार्करसारख्या एखाद्या गोल दांड्यावर तिचा एक वेढा घाला, टोकं एकमेकांना भिडवा आणि थोडं थोडं उघडत-मिटत बोटाला बरोबर बसेल असं करा. बसलं की त्या वेढ्याचा आतला घेर मोजा. टोकं काळजीपूर्वक घासून घ्या, नाहीतर ओरखडा येतो.

अबोली७

आणि बोटाचं मापच घेता येत नसेल तर? साखरपुड्याची अंगठी मुलीला न कळवता करायची आहे. तिची एक जुनी मुदी हाताशी आहे.

कुळागर

मग तर काम आणखी सोपं आहे, कारण अंगठीचं माप बोटापेक्षा जास्त अचूक येतं. अंगठी फुगत नाही.

कागदाची पट्टी घ्या, ४ मिमी रुंद आणि ९-१० सेंमी लांब. पेन्सिलीवर गुंडाळून तिला वळण द्या. ती गुंडाळी अंगठीच्या आत सोडा आणि बोटाने हळूच उघडू द्या, म्हणजे कागद आतून अंगठीच्या भिंतीला चहूकडून टेकेल. पट्टीचं आतलं टोक जिथे खालच्या थरावर येतं तिथे बारीक खूण करा. बाहेर काढून टोकापासून खुणेपर्यंत मोजा. तो आतला घेर. पुन्हा दोनदा करा. तिन्ही वेळा अर्ध्या मिमीच्या आत आलं की माप पक्कं.

अंगठी कागदावर ठेवून आतून पेन्सिल फिरवायची रीत मात्र टाळा. पेन्सिलीचं टोक अंगठीच्या भिंतीला पूर्ण टेकत नाही, रेघ आतल्या बाजूला पडते. दोन्ही बाजूंनी पाव-पाव मिमी आत पडली तरी व्यास अर्धा मिमी कमी, म्हणजे दीड नंबर लहान. अंगठी लहान होण्याचं हेच सगळ्यात मोठं कारण.

मापदंड

व्हर्निअर असेल त्यांच्यासाठी. आतलं माप घ्यायच्या वरच्या दोन पात्यांनी घ्या, खालच्या मोठ्या जबड्यांनी नाही. पाती अंगठीत घालून हलकेच उघडा आणि थोडं इकडेतिकडे फिरवून सगळ्यात मोठा आकडा वाचा. तोच खरा व्यास, कारण मध्यापासून पाती जरा बाजूला गेली की आकडा कमीच येतो. वापरलेली २२ कॅरेटची अंगठी मऊ असल्यामुळे थोडी लंबगोल झालेली असते, म्हणून एकदा खडा-बूड या दिशेने आणि एकदा आडवं मोजा आणि सरासरी घ्या. तिला ३.१४ ने गुणलं की घेर.

तयार आकडे हवेत तर: नंबर १० चा व्यास १५.९ मिमी, १२ चा १६.६, १४ चा १७.२, १६ चा १७.८, १८ चा १८.५, २० चा १९.१, २२ चा १९.७.

अबोली, ती अंगठी ती कोणत्या हाताच्या कोणत्या बोटात घालते ते आधी बघून घ्या. मधल्या बोटावरून अनामिकेचा अंदाज बांधायचं कुठलंही सूत्र नाही. उजव्या हाताने काम करणाऱ्यांचं उजवं बोट डाव्यापेक्षा थोडं जाड असतं, साधारण अर्धा ते एक नंबर. आणि त्या बोटातली अंगठी मिळालीच नाही, तर अशी घडण निवडा जी नंतर लहान करता येते आणि अंदाजापेक्षा एक नंबर मोठी करा. लहान करायला सोनं काढावं लागतं, मोठी करायला घालावं लागतं. पहिलं काम सोपं.

दर्यादेग

मोबाइलवरच्या ॲपबद्दल काय मत आहे? पडद्यावर वर्तुळ दाखवतात, त्यावर अंगठी ठेवायची.

मापदंड

पडद्याची मोजणी आधी जुळवून घेतली तरच. त्यासाठी एटीएम कार्ड सगळ्यात चांगलं, कारण बँकेची सगळी कार्डं जगभर एकाच मापाची असतात: ८५.६ मिमी लांब आणि ५३.९८ मिमी रुंद. कार्ड पडद्यावर टेकवून ॲपमधली चौकट त्याला नेमकी जुळवा. हे केल्याशिवाय दिसणारा नंबर हा नुसता चित्राचा आकडा आहे.

मग अंगठी ठेवा आणि एक डोळा मिटून बरोबर वरून बघा. अंगठीला उंची असते, शिवाय काचेच्या खाली वर्तुळ थोडं खोल असतं, म्हणून तिरकं पाहिलं की अर्धा मिमी सहज हलतो. वर्तुळाची बाहेरची कड अंगठीच्या आतल्या कडेला टेकली पाहिजे. अंगठीच्या खाली लपलेलं वर्तुळ म्हणजे मोठं माप. उंच अंगठी, आतून गोलावा दिलेली अंगठी यांना ही रीत लावू नका.

छापील तक्त्यांचंही तसंच. प्रिंट काढताना 'पानाला बसवा' हा पर्याय बंद करून १०० टक्के ठेवा. तक्त्यावर मोजपट्टीची रेघ छापलेली असेल तर ती आधी खऱ्या पट्टीने मोजा. सायबर कॅफेतून काढलेल्या प्रिंटमध्ये ही रेघ १०० ऐवजी ९६-९७ मिमी भरली तर १४ नंबरची अंगठी १५-१६ नंबरच्या वर्तुळावर बसेल आणि घडेल ती मोठी.

पोफळीखाली

केबल टायने (वायरी बांधायच्या प्लास्टिकच्या दातेरी पट्टीने) माप घेतात असंही ऐकतो.

कुळागर

घेतात आणि सांध्यावरून जाण्याची चाचणी कागदापेक्षा त्याने चांगली होते, कारण तो ताठ असतो. अडीच मिमी रुंदीचा बारीक टाय घ्या. फक्त एकच धोका: दात एकदा अडकले की मागे येत नाहीत. बोटावर एकदम आवळू नका. आधी बोटाच्या बाहेर सैल कडं करा, घालून बघा, काढा, एक दात ओढा, पुन्हा घाला. जिथे सांध्यावरून जरा अडून पण दुखल्याशिवाय येईल तिथे थांबा. जवळ छोटी कात्री ठेवाच.

तो कापून सरळ करून मोजू नका. टाय जवळजवळ एक मिमी जाड असतो, म्हणजे वर सांगितलेली दोऱ्याची चूक दुप्पट. कडंच तसंच शेटाकडे न्या आणि नंबरांच्या खुणा असलेल्या निमुळत्या सळईवर सरकवून नंबर वाचून घ्या, किंवा आतून कागदाच्या गुंडाळीने मोजा.

सोनसळी

मोजायच्या वेळेबद्दल अजून कुणी लिहिलं नाही आणि गोव्यात तेच सगळ्यात महत्त्वाचं.

उन्हाने, चालण्याने, व्यायामाने, खारट जेवणाने बोट फुगतं. थंडीने, एसीत बसल्याने, थंड पाण्याने आकसतं. एप्रिल-मेच्या दुपारी घेतलेलं माप आणि जुलैतल्या पावसात घेतलेलं माप यांत एका नंबराचा फरक सहज दिसतो. सकाळी उठल्या उठल्या बऱ्याच जणांची बोटं सुजलेली असतात, तेव्हा मापूच नका. दुपारचं जेवण होऊन दोनेक तास झाल्यावर, पंख्याखाली शांत बसून एकदा, संध्याकाळी एकदा, दुसऱ्या दिवशी आणखी एकदा. तिन्ही मापं १ मिमीच्या आत असतील तर मोठं घ्या. जास्त फरक असेल तर मधलं घ्या, पण आधी पट्टी तिरकी गेली नव्हती ना ते तपासा.

बाळंतपणाच्या आधीच्या महिन्यांत माप घेऊन अंगठी घडवू नये. ती सूज नंतर उतरते.

आणि समुद्रावर जाताना अंगठी काढून ठेवा. पाण्यात बोट आकसतं, ओलं होऊन निसरडं होतं आणि लाटेबरोबर हात हलतो. उन्हात घट्ट वाटणारी अंगठी पाण्यात निसटते आणि वाळूत सापडत नाही. पोहणाऱ्यांनी, होडीवर काम करणाऱ्यांनी मापात ढिलाई ठेवूच नये. जाळं ओढताना आणि यंत्रावर काम करताना तर बोटात अंगठीच नको, ती अडकली तर बोटाची कातडी सोलून निघण्यापर्यंत इजा होते.

अबोली७

रुंद पट्ट्याची अंगठी हवी असेल तर त्याच नंबरची चालेल का? नवऱ्या मुलासाठी ८ मिमीचा पट्टा ठरलाय.

मापदंड

नाही चालणार. रुंद पट्टा बोटाचा जास्त भाग व्यापतो, मांसाला सरकायला जागा राहत नाही. ४ मिमीपर्यंत मोजलेलाच नंबर. ५-६ मिमीला एक नंबर वाढवा. ८ मिमीला दोन. एकाच बोटात दोन-तीन अंगठ्या एकत्र घालायच्या असतील तर त्यांची एकूण रुंदी धरा. म्हणूनच कागदाची पट्टी अंगठीएवढी रुंद कापायला सांगितली आहे. ८ मिमीच्या पट्टीनेच मोजलंत तर यातला बराचसा फरक आपोआप येतो आणि मग वर एकच नंबर पुरतो.

आतून गोलावा दिलेली अंगठी असेल तर ती कमी जागी टेकते, तेव्हा वाढ अर्ध्या-एका नंबराने कमी करा. शेटाला आधीच विचारून घ्या, आतली बाजू सपाट की गोल.

दर्यादेग

पोवळं-पुष्कराजाच्या अंगठ्यांना काही वेगळं? खडा बोटाला टेकायला पाहिजे म्हणतात.

सोनसळी

खालून उघडी घडण असते ती. अशा अंगठीचा वरचा भाग जड असतो, बूड बारीक, त्यामुळे जरा सैल झाली की खडा तळव्याकडे फिरतो. बोटाला चपखल बसेल असंच माप द्या, वाढीव काही नको. बूड आतून किंचित सपाट ठेवायला सांगितलं की फिरणं कमी होतं. पोवळं, मोती यांच्या अंगठ्यांचा नंबर पहिल्यांदाच बरोबर यायला हवा. डाक लावताना, म्हणजे सोन्याचा जोड वितळवून सांधताना, आच लागली तर ते जळतात, काळवंडतात. म्हणजे नंबर बदलताना खडा काढावा लागतो आणि पुन्हा बसवावा लागतो. पाचूलाही उष्णता सोसत नाही. हिरा सोसतो, पण त्यालाही आधी बोरिक ॲसिडचा लेप देतात, नाहीतर पृष्ठभाग धुरकट होतो.

पोफळीखाली

यूकेतल्या नातेवाइकांना नंबर कळवायचा तर? तिकडे अक्षरं असतात म्हणे.

मापदंड

नंबर कळवू नका, मिमीत आतला घेर कळवा. युरोपातल्या बऱ्याच दुकानांत तर घेराचा आकडाच अंगठीचा नंबर असतो: ५२, ५४, ५६. यूकेत 'ए' म्हणजे ३७.५ मिमी घेर आणि पुढचं प्रत्येक अक्षर १.२५ मिमीने मोठं. अमेरिकेत एक नंबर म्हणजे घेरात अडीच मिमीहून थोडं जास्त, म्हणून तिथे अर्धे आणि पाव नंबर वापरावे लागतात. ढोबळ जुळणी अशी: आपला १२ म्हणजे अमेरिकन ६, यूकेत 'एल' आणि 'एम' यांच्या मध्ये. आपला १७ म्हणजे अमेरिकन ८, यूकेत 'पी'च्या अर्ध्याने पुढे. आपला २२ म्हणजे अमेरिकन १०, यूकेत 'टी'च्या अर्ध्याने पुढे.

ऑनलाइन मिळणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्याच्या मापकावर बहुधा अमेरिकन आकडे छापलेले असतात. त्यावर ७ आला आणि तुम्ही आपल्या दुकानात ७ सांगितलंत तर लहान मुलीची अंगठी येईल.

कुळागर

आणि आपल्या दुकानांतही नंबर सगळीकडे तंतोतंत एक असेल असं धरू नका. काही जुन्या सळयांवर शेटांच्या स्वतःच्या खुणा असतात, काही सळया हातोडीखाली झिजलेल्या असतात. शिवाय सळई निमुळती असल्यामुळे अंगठीची वरची कड वाचायची, खालची की मधली रेघ, यावरून रुंद अंगठीत एक नंबर इकडेतिकडे होतो. फोंड्यात जुडग्यातल्या (दुकानातल्या मापाच्या कड्यांच्या झुबक्यातल्या) कड्याने माप घेऊन पणजीला ऑर्डर देताना म्हणूनच फक्त "१४ नंबर" लिहू नका. "आतला घेर ५४ मिमी, पट्टा ४ मिमी रुंद, उजवी अनामिका, सांधा ५५" असं चिठ्ठीवर लिहा. एवढं लिहिलं की शेटाला पुन्हा फोन करावा लागत नाही.

ज्यांना दुकानात जाणं शक्य आहे त्यांनी जुडग्यातली कडी घालूनच बघावी, यात दुमत नाही. मात्र जुडग्यातली कडी बारीक असतात. रुंद अंगठी घ्यायची असेल तर रुंद कड्यांचा जुडगा मागा.

अबोली७

नंबर चुकलाच तर किती पर्यंत बदलता येतो? आणि हॉलमार्कचं काय होतं?

सोनसळी

साधं वेढणं किंवा एकच खडा असलेली अंगठी असेल तर एक-दोन नंबर ही फारशी मोठी गोष्ट नाही. साधं वेढणं एखाद-दुसऱ्या नंबराने नुसतं ताणूनही मोठं करतात, पण त्याने पट्टा पातळ होतो, म्हणून आधीच नाजूक असलेली अंगठी ताणू देऊ नका. त्याहून जास्त मोठी करायची तर बूड कापून सोन्याचा तुकडा घालतात आणि डाक लावतात. तुकडा त्याच कॅरेटचा हवा, नाहीतर काही महिन्यांनी तिथे वेगळा रंग दिसतो. चार-पाच नंबरांच्या पुढे गेलं की खड्याच्या कोंदणावर ताण येतो, गोलाई बदलते आणि खडे हलायला लागतात.

पूर्ण गोल खडे जडवलेली अंगठी बदलत नाहीत, कारण कापायला रिकामी जागाच नसते. पुरुषांच्या टंगस्टनच्या अंगठ्या कापताही येत नाहीत आणि ताणताही येत नाहीत. नंबर चुकला की दुसरीच घ्यावी लागते. प्लॅटिनमचं होतं, पण ते १७६८ अंश सेल्सिअसला वितळतं, साध्या फुंकणीच्या आचेचं काम नाही, ते करणाराच शोधावा लागतो. पांढऱ्या सोन्याला काम झाल्यावर पुन्हा रोडियमचा मुलामा द्यावा लागतो.

हॉलमार्कचं नीट लक्षात घ्या. १ एप्रिल २०२३ पासून दुकानातून विकल्या जाणाऱ्या हॉलमार्क दागिन्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, शुद्धता (उदाहरणार्थ २२के९१६) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी (त्या दागिन्याचा ओळख क्रमांक) असतो. अंगठीत हे सगळं आतल्या बाजूला कोरलेलं असतं. बूड कापताना नेमका तोच भाग गेला तर पुढे मोड करताना किंवा बदलून घेताना अडचण येते. अंगठी देण्याआधी त्या खुणेचा फोटो काढा, बीआयएस केअर ॲपवर क्रमांक तपासा आणि "ही खूण सोडून बाजूला कापा" असं स्पष्ट सांगा. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्यांना हॉलमार्कची सक्ती नाही. नाजूक अंगठ्या बऱ्याचदा यातच बसतात, तेव्हा त्यांच्यावर खूण नसली तर गोंधळू नका, पण बिलावर शुद्धता लिहून घ्या.

पोफळीखाली

नंबर वाढला की सोनं किती वाढतं? घटवल्यावर तुकडा परत मागायचा का?

मापदंड

मागायचाच, तो तुमचा आहे. किती ते घरी काढता येतं. पट्टा ३ मिमी रुंद आणि दीड मिमी जाड असेल तर एका नंबराला, म्हणजे १ मिमी लांबीला, ४.५ घन मिमी सोनं लागतं. २२ कॅरेट सोन्याची घनता साधारण १७.७ ग्रॅम प्रति घन सेंमी, म्हणजे एका नंबराला सुमारे ०.०८ ग्रॅम, ८० मिलिग्रॅम. पाच नंबर कमी केले तर ०.४ ग्रॅम निघालं पाहिजे; करवतीत आणि घासण्यात थोडं जातं. अंगठी देण्याआधी आणि परत घेताना, दोन्ही वेळा तुमच्यासमोर काट्यावर ठेवायला सांगा आणि दोन्ही वजनं पावतीवर लिहून घ्या. चांगले शेट ते न सांगताही करतात.

दर्यादेग

आणि घालून पाहताना अडकलीच तर? दुकानातलं कडं किंवा कुणाची तरी अंगठी.

सोनसळी

ओढू नका, ओढल्याने सांधा आणखी सुजतो. हात पाचेक मिनिटं डोक्याच्या वर धरा, मग थंड पाण्यात बुडवा. नंतर खोबरेल तेल किंवा साबण लावून अंगठी फिरवत फिरवत काढा, सरळ खेचू नका. तरी आली नाही तर बारीक नायलॉनचा दोरा किंवा दात साफ करायचा दोरा घ्या. त्याचं एक टोक अंगठीखालून तळव्याच्या बाजूला काढा. दुसऱ्या, लांब टोकाने अंगठीला लागून सुरुवात करून सांध्याच्या पलीकडेपर्यंत एकाला एक लागून वेढे घाला. मग अंगठीखालचं टोक धरून बोटाच्या टोकाकडे उलगडत जा. अंगठी वेढ्यांवरून सरकत पुढे येते. इथे मात्र दोराच लागतो, कागद कामाचा नाही.

बोट निळं-जांभळं पडलं, बधिर झालं किंवा बोटाला मार लागलेला असेल तर हे प्रयोग करत बसू नका. सरळ दवाखान्याच्या अपघात विभागात जा, तिथे अंगठी कापतात. सोनं, चांदी सहज कापली जाते आणि नंतर जोडताही येते. टंगस्टनची असेल तर तसं आधी सांगा. ती कापत नाहीत, पकडीने दाब देऊन तडकवतात.

अबोली७

देव बरें करूं सगळ्यांना. गुंडाळीच्या रीतीने तिच्या मुदीचा आतला घेर तिन्ही वेळा ५१.५ ते ५२ आला. उजव्या अनामिकेतली आहे, पट्टा अडीच मिमी. नवी अंगठी ३ मिमीची. १२ देऊ ना?

कुळागर

१२ द्या. चिठ्ठीवर "आतला घेर ५२ मिमी, ३ मिमी पट्टा, उजवी अनामिका" लिहा. साखरपुड्याची अंगठी डाव्या हातात घालायची असेल तर तेही आत्ताच ठरवा, कारण मग ११ चालेल. आणि तयार झाल्यावर ताब्यात घेण्याआधी तीच कागदाची पट्टी नव्या अंगठीत सोडून शेटासमोर मोजा. खूण ५२ वर आली की घेऊन या.